हलकी रायफल आणि ओलं लाकूड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बंदुकीविषयी बोलणार आहे असं सांगितल्यावर आधी घरातल्यांनाच नवल वाटलं. कविता लिहिणाऱ्या माणसाने फुलापानांवर बोलावं, फार तर पावसावर. माझ्याकडे बंदूक नाही, कधी नव्हती आणि आयुष्यात मी एकदाही चाप ओढलेला नाही. पण माझं लहानपण बंदुकीच्या तेलाच्या वासात गेलं. माझे वडील कोल्हापुरात एका परवानाधारक बंदूकवाल्याच्या दुकानात कारागीर होते. आमचं घराणं शिकलगारांचं. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे, हत्यारांची निगा राखणारे. शेजारच्या मिरजेत आमच्यातल्याच काही घरांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारं बाजूला ठेवली आणि सतारी, तंबोरे घडवायला घेतले. आज मिरजेचं नाव होतं ते त्यामुळे. आमचं घर मात्र हत्यारांपाशीच राहिलं. तरी अब्बांचा जीव लोखंडापेक्षा लाकडात जास्त रमायचा. बंदुकीचा कुंदा, म्हणजे खांद्याला टेकणारा आणि पुढे नळीला खालून धरून ठेवणारा लाकडी भाग, ही त्यांची खासियत होती.

१९८६ सालचा मे महिना. बारावीची परीक्षा देऊन मी निकालाची वाट पाहत होतो आणि दुपारी अब्बांचा डबा घेऊन दुकानात जाऊन बसत होतो. अशाच एका दुपारी एक निवृत्त मेजरसाहेब कापडी म्यानात गुंडाळलेली रायफल घेऊन आले. सत्तरीला टेकलेले, पण पाठ ताठ. रायफल जुनी, जर्मन बनावटीची, सात मिलिमीटरची माउझर. त्यांनी ती १९६१ साली एका म्हाताऱ्या शिकाऱ्याकडून घेतली होती. त्या शिकाऱ्याने डोंगरात वापरायची म्हणून ती मुद्दाम हलकी करून घेतलेली होती.

अब्बांनी विचारलं, "काय करायचं हिचं, साहेब?"

मेजरसाहेब म्हणाले, "हिने माझा नेम चुकवला की मीच चुकलो, एवढं मला सांगा. बावीस वर्षं झाली. शिकार आता मला करायची नाही आणि कायद्याने करताही येत नाही. पण हे कळल्याशिवाय मला बरं वाटायचं नाही."

मग त्यांनी हकीकत सांगितली. १९६४ साली ते कॅप्टन होते आणि पावसाळ्यात रजेवर गढवालच्या एका गावात उतरले होते. गुरं मारणाऱ्या बिबट्यापायी गावकरी त्रासले होते. ते या साहेबांना घेऊन गेले. तासाभराच्या चढणीनंतर धारेवर पोचल्यावर खाली ओढ्यापलीकडे, अंदाजे दोनशे यार्डांवर, बिबट्या दिसला. साहेबांनी गोळी झाडली. बिबट्या जागच्या जागी कोसळला, क्षणभर निपचित पडला आणि मग उठून नेच्यांच्या रानात शिरला. दगडांवर थोडं रक्त सापडलं, पण तेवढ्यात पाऊस आला. दोन दिवस शोधूनही जनावर मिळालं नाही. आठवड्याभरात रजा संपली. "पुढे त्याचं काय झालं आणि त्याच्यामुळे गावाचं काय झालं, मला माहीत नाही," असं म्हणून ते गप्प बसले.

त्यांच्या प्रश्नाचं वजन समजायला आधी डोंगरातल्या रायफलीचं वजन समजून घ्यायला हवं.

मैदानातल्या शिकारीत बंदुकीचं ओझं दुसराच कुणीतरी वाहायचा. हत्ती असे, जीप असे, मचाण असे. डोंगरात माणूस आणि त्याचे दोन पाय एवढंच. सकाळी चार किलो वाटणारी रायफल संध्याकाळी दहा किलोची होते. एक हात झुडपाला धरायला लागतो, दुसरा खडकाला. म्हणून डोंगरातली माणसं पहिल्यापासून हलक्या, आखूड रायफलीच्या शोधात राहिली. १८९८ च्या नमुन्याची जर्मन लष्करी माउझर चार किलोहून थोडी जास्त भरायची आणि तिची नळी ७४० मिलिमीटर लांब होती. त्याच पोलादी यंत्रणेवर बारीक नळी आणि सडपातळ लाकूड चढवलं की सव्वातीन किलोच्या आसपासची शिकारी रायफल तयार होई. ऑस्ट्रियात श्टायर इथे १९०३ पासून मानलिखर-शोनावर नावाची रायफल बनू लागली. तिची नळी अवघी ४५० मिलिमीटरची, गोळी साडेसहा मिलिमीटरची आणि लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत. आल्प्समध्ये शॅमॉय या डोंगरी हरणामागे फिरणाऱ्यांची ती लाडकी होती.

आपल्याकडचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण जिम कॉर्बेट यांचं. १९०७ साली त्यांनी कुमाऊंमध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तेव्हा त्यांच्याकडे पाचशे बोअरची दणकट रायफल होती, पण काडतुसं फक्त तीन. ती संपली आणि शेवटची गोळी त्यांना तहसीलदारांच्या साध्या बंदुकीतून घालावी लागली. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्यांना एक रायफल भेट दिली. ती होती लंडनच्या रिग्बी कंपनीने माउझरच्या यंत्रणेवर घडवलेली पॉइंट २७५ बोअरची हलकी रायफल. तिच्या कुंद्यावर भेटीचा मजकूर कोरलेली चांदीची छोटी पट्टी आहे. पॉइंट २७५ हे इंग्रजांनी ठेवलेलं नाव. काडतूस तेच, मेजरसाहेबांच्या रायफलीचं, सात मिलिमीटर माउझरचं. कॉर्बेटची ती रायफल २०१५ साली पुन्हा रिग्बी कंपनीकडे आली आणि २०१६ मध्ये कंपनीने ती भारतात आणून कुमाऊंच्या लोकांना दाखवली.

हलकेपणा किती उपयोगी पडतो ते कॉर्बेट यांनी चौगढच्या वाघिणीच्या हकीकतीत सांगितलं आहे. १९३० च्या एप्रिलमध्ये एका कोरड्या ओढ्यातून जाताना त्यांच्या डाव्या हातात पक्ष्याची दोन अंडी होती आणि उजव्या हातात हलकी रायफल. खडकाला वळसा घालून पुढे येतात तो उजव्या खांद्यामागे, आठ फुटांवर, वाघीण दबा धरून बसलेली. झटकन वळले असते तर तिने झेपच घेतली असती. त्यांनी रायफल एकाच हाताने, अगदी सावकाश, जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरवली आणि हात पूर्ण लांब करून गोळी झाडली. हातात अंडी होती म्हणून झटकन वळता आलं नाही आणि रायफल हलकी होती म्हणून ती एका हाताने फिरवता आली, अशी कारणं त्यांनी स्वतःच दिली आहेत. साडेचार किलोची दुनळी असती तर हे जमलं नसतं.

पण कॉर्बेट यांच्याच लिखाणात याची दुसरी बाजूही आहे. चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले होते आणि त्याचं कारण होतं कुणाची तरी जुनी गोळी. त्या जखमेमुळे नेहमीची शिकार जमेना, म्हणून ती माणसांकडे वळली, असा त्यांचा निष्कर्ष. तिच्या बळींची संख्या त्यांनी ४३६ दिली आहे. एका माणसाची एक गोळी नीट बसली नाही आणि दोन देशांतल्या चारशेहून जास्त घरांत त्याची किंमत मोजली गेली. मेजरसाहेबांनी ही पुस्तकं वाचलेली होती. बावीस वर्षं त्यांना काय टोचत होतं ते यावरून कळेल.

अब्बांनी रायफल आधी तराजूत घातली. दोन किलो नऊशे ग्रॅम. मग त्यांनी ती उघडली आणि मला शेजारी बसवून एकेक गोष्ट दाखवू लागले.

पहिली गोष्ट नळी. मूळची चोवीस इंची नळी कुणीतरी कापून वीस इंचांवर आणली होती. आजच्या वाचकाला सांगायला हवं की १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. हे काम त्याआधीचं. चार इंच कापून वाचलं किती? पंधरा मिलिमीटर जाडीच्या नळीचा एक इंचाचा तुकडा जेमतेम तीस ग्रॅमचा. म्हणजे चार इंचांत सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही, एक पेला चहाएवढं. त्याच्या बदल्यात आवाज वाढला, दारूचा जाळ डोळ्यांपुढे यायला लागला आणि गोळीचा वेग उतरला. नळी जितकी आखूड तितका दारूचा वायू गोळीला कमी वेळ ढकलतो. दर इंचाला सेकंदाला सात-आठ मीटर वेग तरी जातोच.

त्याहून वाईट म्हणजे कापलेलं तोंड. नळीच्या आत मळसूत्री खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. नळीचं तोंड काटकोनात नसेल तर शेवटच्या क्षणी वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला बुडाशी धक्का देतो. अब्बांनी त्या तोंडावर गुण्या धरला. एका बाजूने केसभर उजेड दिसत होता.

दुसरी गोष्ट लाकूड. अक्रोडाचा सुंदर कुंदा, पण चाकूने तासून तासून काडी केलेला. नळीखालचा भाग तर इतका पातळ की अंगठ्याने दाबला की वाकत होता. बुडाची पोलादी पट्टी काढून टाकली होती आणि उघडं लाकूडच खांद्याला लागत होतं.

"हलकी केली खरी," अब्बा म्हणाले, "पण कुठनं काढायचं ते कळलं न्हाई त्याला."

इथे थोडं गणित सांगतो. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते. काडतूस तेच ठेवून चार किलोची बंदूक तीन किलोवर आणली तर धक्क्याची ऊर्जा एकतृतीयांशाने वाढते. धक्का बसणार हे शरीराला एकदा कळलं की पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच खांदा आखडतो आणि डोळा मिटतो. दुसरं असं की पुढचं वजन गेलेली बंदूक दम लागलेल्या माणसाच्या हातात ठरत नाही. चढण चढून आलेल्याचं काळीज धडधडत असतं आणि प्रत्येक ठोका नळीच्या टोकाशी दिसतो. पुढे थोडं वजन असेल तर ते हा हेलकावा शोषून घेतं. म्हणून डोंगरातल्या रायफलीत नुसतं वजन कमी करून भागत नाही. उरलेलं वजन दोन हातांच्या मध्ये यावं लागतं.

तिसरी गोष्ट अब्बांना दुसऱ्या दिवशी सापडली. नळी आणि कुंदा वेगळे केल्यावर नळीच्या खालच्या अंगाला, टोकापासून वीतभर आत, एक चकाकता डाग दिसला. बाकी नळी काळपट निळी आणि तेवढाच रुपयाएवढा भाग घासून पांढरा झालेला. कुंद्याच्या पन्हळीत, बरोबर त्याच जागी, लाकूड काळं पडून गुळगुळीत झालं होतं. अब्बांनी पन्हळीत बोट फिरवलं आणि ते माझ्या नाकाशी धरलं. कोऱ्या लाकडाचा वास. बाहेरून कुंद्याला जवसाच्या तेलाचे कितीतरी हात दिलेले, आरशासारखा चमकत होता. आत पन्हळीला आणि बुडाच्या कापलेल्या भागाला तेलाचा थेंबही लागलेला नव्हता.

"झाड कापलं म्हणजे लाकूड मेलं असं न्हाई," अब्बा म्हणायचे. "ते पाणी पीतच राहतं." मिरजेचा तंबोरा पावसाळ्यात उतरतो, घराचं दार आषाढात उंबऱ्याला घासतं, तोच हा प्रकार. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. पातळ तासलेलं लाकूड तर वाकतं, पीळ घेतं. कुंदा फुगून नळीला एका बाजूने दाबू लागला की नळी तेवढी ढकलली जाते. डोळ्यांना काही दिसत नाही. पण गोळी जिथे जायची तिथे जात नाही.

अब्बांनी विचारलं, "साहेब, त्या वक्ताला नेम कधी तपासला होता?"

"मे महिन्यात. खाली, मैदानातल्या छावणीत. लू वाहत होती."

"आणि गोळी?"

"भाद्रपदात. सहा दिवस पावसात हिंडत होतो."

अब्बा काही बोलले नाहीत. म्हणाले, मैदानावर जाऊ.

शहराबाहेरच्या गोळीबाराच्या मैदानावर रीतसर परवानगी काढून आम्ही गेलो. मेजरसाहेबांकडे बत्तीस काडतुसं उरली होती आणि नवी मिळणं जवळजवळ अशक्य होतं. त्यामुळे एकेक गोळी मोजून होती. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून, शंभर यार्डांवर, त्यांनी तीन गोळ्या झाडल्या. कापलेल्या तोंडामुळे त्या फाकल्या खऱ्या, पण काळ्या गोलातच होत्या. मग अब्बांनी एक गोष्ट केली. रायफलीचं पोलाद तेल लावून जपलं आणि लाकडाला ओलं गोणपाट गुंडाळून ती दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवली. दोन रात्री. दर चार तासांनी गोणपाटावर पाणी मारायचं काम माझ्याकडे होतं.

तिसऱ्या दिवशी त्याच मैदानावर, त्याच पिशव्यांवर, त्याच हाताने पुन्हा तीन गोळ्या. या वेळी तिन्ही वर चढलेल्या. मेजरसाहेबांनी खिशातून पट्टी काढून मोजलं. तीन इंच. शंभर यार्डांवर तीन म्हणजे दोनशेवर सहा.

मला वाटलं, आता साहेबांचा चेहरा उजळेल. दोष लाकडाचा निघाला. पण ते खाली वाळूवर बसले आणि काडीने एक त्रिकोण काढला.

"मी धारेवर होतो," ते म्हणाले, "आणि जनावर खाली. उतार असा, जवळजवळ पंचेचाळीस अंशांचा."

हे मला तेव्हा समजलं नव्हतं, पुढे कळलं. गोळीला पृथ्वी खाली ओढते ती नजरेच्या तिरक्या रेषेच्या हिशेबाने नाही. तिथे आडवं अंतर मोजायचं असतं. पंचेचाळीस अंशांच्या उतारावर दोनशे यार्ड दिसत असले तरी आडवं अंतर एकशे एक्केचाळीस यार्डच भरतं. दोनशेच्या हिशेबाने नेम थोडा वर धरला तर गोळी वर जाते. गंमत अशी की खाली मारा किंवा वर मारा, दोन्ही वेळा गोळी वरच लागते. म्हणून डोंगरात नेम नेहमी किंचित खाली धरायचा. शिवाय उंचावर हवा विरळ, गोळीला अडवणारं कमी. तोही फरक वरच्याच बाजूचा.

"हे मला शिकवलेलं होतं," मेजरसाहेब म्हणाले. "त्या दिवशी आठवलं नाही." त्यांनी वाळूवर हिशेब मांडला. "सहा इंच लाकडाचे. चार माझे."

दहा इंच म्हणजे वीतभर. बिबट्याच्या काळजावर धरलेला नेम पाठीच्या कण्याच्या वरच्या टोकाला लागला असणार. तिथे लागलं की जनावर धक्क्याने कोसळतं आणि मग उठून जातं. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी पाहिलं ते नेमकं हेच होतं.

"लाकडाचा दोष न्हाई म्हणता येणार, साहेब. त्याचा गुणच तो," अब्बा म्हणाले.

"बरोबर आहे. वर गेल्यावर एक गोळी झाडून बघायला हवी होती. आवाजाने जनावर पळेल म्हणून झाडली नाही."

मग साहेबांनी सांगितलं की रायफल दुरुस्त करा. मला कळेना, आता कशासाठी? पण अब्बांनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

दुरुस्तीला तीन आठवडे लागले. आधी दुकानमालकांच्या परवान्यावर, नोंदवहीत रीतसर लिहून, नळीचं तोंड केसभर घासून काटकोनात आणलं आणि आतल्या कडेला बारीक उतार दिला. त्यामुळे खाचांची कड आपटून बिघडत नाही. मग पन्हळ. नळीला दिव्याची काजळी फासायची, कुंद्यात बसवायची, उचलायची. जिथे काळा डाग उमटेल तिथे लाकूड टेकतंय. ते खरवडायचं. असं शेकडो वेळा, नळी सुरुवातीपासून टोकापर्यंत लाकडाला कुठेही शिवणार नाही इथपर्यंत. अंतर पुरेसं झालं का हे तपासायला अब्बांनी हाताशी असलेलं एक पोस्टकार्ड उचललं आणि नळीखालून सरकवून पाहिलं. ते माझं कार्ड होतं. पुण्याच्या एका मासिकाने माझी कविता साभार परत केली होती त्याचं. मी चिडलो. अब्बा म्हणाले, "उपयोगाला आलं न्हवं?"

पुढचं काम नाजूक. नळी मोकळी ठेवायची तर बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी भाग कुंद्यात घट्ट, जराही न हलता बसायला हवा. धक्का पेलणारा पोलादी दात जिथे लाकडाला टेकतो तिथलं लाकूड अब्बांनी खणून काढलं, दोन नळ्यांतून येणारं ॲराल्डाइट काचेचे तंतू घालून कालवलं आणि त्यात ते पोलाद बसवलं. पोलादाला आधी बुटाचं पॉलिश फासलं होतं, नाहीतर दोन्ही जन्माचे चिकटले असते. एक दिवसाने उघडलं तर पोलादाचा जसाच्या तसा ठसा दगडासारखा कडक उमटला होता. हा भाग आता पाणी पिणार नव्हता.

नंतर पन्हळीला आणि बुडाला आतून लाखेचे हात, बाहेरून पुन्हा जवसाचं तेल. नळीखालच्या काडी झालेल्या लाकडाला अक्रोडाची चीप जोडून भर दिली. बुडाला रबरी गादी बसवली आणि ती बसवायच्या आधी कुंद्यात मागून दोन भोकं पाडून तिथलं वजन काढून घेतलं. म्हणजे पुढे भर आणि मागे उणं. पट्ट्याच्या कड्या घातल्या, कारण डोंगरात दोन्ही हात मोकळे राहणं ही पहिली गरज. शेवटी रायफल पुन्हा तराजूत घातली. तीन किलो वीस ग्रॅम. डोंगरासाठी नीट केलेली रायफल एकशे वीस ग्रॅमने जड झाली होती.

जगात दुसरीकडेही माणसं याच अडचणीशी झगडली होती, हे मला खूप नंतर वाचून कळलं. अमेरिकेतले जॅक ओकॉनर हे ॲरिझोना विद्यापीठात पत्रकारिता शिकवायचे, कादंबऱ्या लिहायचे आणि डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीवर 'आउटडोअर लाइफ' या मासिकात लिहायचे. कारखान्यातून आलेली विंचेस्टरची हलकी रायफल त्यांनी स्पोकेन गावच्या अल बीसेन या कारागिराकडून नव्या अक्रोडी कुंद्यात बसवून घेतली होती. विंचेस्टर कंपनीने १९५२ साली हा हलका प्रकार काढला तेव्हा चापाभोवतालची कडी पोलादाऐवजी ॲल्युमिनियमची केली होती. जिथे ताकद लागत नाही तिथलं वजन काढायचं, हा शहाणपणा. पुढे १९८० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातल्या मेल्विन फोर्ब्स यांनी लाकूडच सोडलं आणि केव्हलार व कार्बनच्या धाग्यांचा, जेमतेम अर्ध्या किलोचा कुंदा बनवला. तो फुगत नाही, आकसत नाही. आज डोंगरातल्या बहुतेक रायफली या वाटेने गेल्या आहेत. अब्बांना दाखवला असता तर त्यांनी तो टिचकी मारून ऐकला असता आणि बाजूला ठेवला असता.

मैदानावर शेवटची फेरी झाली. तीन गोळ्या कोरड्या लाकडाने. मग पुन्हा दोन रात्री ओलं गोणपाट, पुन्हा माझी पाणी मारायची पाळी आणि तीन गोळ्या ओल्या लाकडाने. सहाही भोकं एका चहाच्या बशीखाली झाकली गेली. मेजरसाहेबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. बत्तीसातली वीस काडतुसं उरली होती.

त्यानंतर ती रायफल कधी झाडली गेली असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. माणसांच्या जिवावर उठलेलं जनावर मारायचं झालं तरी मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी हुकूम लागतो. तो झाला हे चांगलंच झालं. त्या वर्षी मी बी.ए.ला नाव घातलं, मराठी घेतलं आणि हळूहळू दुकानातलं माझं जाणं कमी झालं.

पण एक गोष्ट मी पुढची दहा वर्षं पाहिली. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की दोन-चार दिवसांत मेजरसाहेब दुकानात यायचे. रायफल म्यानातून काढून अब्बांपुढे ठेवायचे. अब्बा खणातून ते पोस्टकार्ड काढायचे, नळीखाली सरकवायचे. कार्ड टोकापासून बुडापर्यंत कुठेही न अडकता जायचं. मेजरसाहेब ते डोळे बारीक करून पाहायचे, चहा घ्यायचे आणि रायफल गुंडाळून परत न्यायचे. १९९६ च्या जूनमध्ये ते आले नाहीत. त्यांच्या मुलाने रायफल दुकानात जमा केली तेव्हा कागदपत्रांसोबत एक घडी घातलेला निशाणीचा कागदही होता. त्यावर सहा भोकं होती आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं होतं : सहा आणि चार.